आमच्या घरचा नाताळ

आमच्या घरी नाताळाच्या फराळाचे ताट भरले, म्हणजे त्यात करंज्या असतात, लाडू असतात, चकल्या आणि शंकरपाळे असतात. केकचा एक तुकडा असतो. ह्यात नवल काही नाही. पण ताटाच्या एका कडेला गुळाच्या दशमीचा चौथा हिस्सा ठेवलेला असतो, आणि तो पाहून नवा माणूस हटकून विचारतो, "हे कशाला?" दशमी काही नाताळाचा पदार्थ नव्हे. प्रवासाला निघालेल्या माणसाच्या शिदोरीत ती शोभते; सणाच्या ताटात नव्हे. गेल्या वर्षी माझ्या नातीनेही तोच प्रश्न केला. तिला मी म्हटले, "ही गोष्ट लांबलचक आहे, सवडीनं सांगेन." ती सवड आज मिळाली आहे. तेव्हा श्रोते हो, नातीबरोबर आपणही ऐका.

आमचे गाव पाथर्डी तालुक्यातले. जिल्ह्याचे नाव तेव्हा अहमदनगर होते, आता अहिल्यानगर झाले आहे. आम्ही मात्र नुसते 'नगर' म्हणत आलो. गाव लहान, पाऊस त्याहून लहान. ओढ्याच्या अलीकडे गाव आणि पलीकडे आमची वस्ती. वीस-बावीस घरे, कडुनिंबाची चार झाडे आणि पत्र्याच्या छपराचे एक छोटेसे ख्रिस्तमंदिर. माझे पणजोबा ख्रिस्ती झाले. त्यापूर्वी आमचे घराणे गावचे महार. धर्म बदलला, पण ओढा काही जागचा हलला नाही. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. पुढची गोष्ट नीट कळावी, एवढ्यासाठीच सांगते.

नगर जिल्ह्यात ख्रिस्ती मंडळी कशी, हे पुष्कळांना ठाऊक असेल. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ साली नगरला ठाणे दिले. तिथूनच १८४२ साली 'ज्ञानोदय' निघू लागला. रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई टिळक यांचा संसार ह्याच जिल्ह्यात, नगर-राहुरीला, बरीच वर्षे झाला. 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्यांना ते सांगायला नकोच. टिळकांनी आम्हांला मोठी देणगी दिली ती भजनांची. विलायती चालींच्या गीतांशेजारी अभंग आणि पदे आली. पेटी, मृदंग, टाळ आले. देवळात कीर्तने होऊ लागली. तेव्हा आमचा नाताळ म्हणजे बर्फ, घसरगाडी आणि चिमणीतून उतरणारा म्हातारा, असे चित्र कुणी डोळ्यांपुढे आणू नये. आमच्या नाताळात बर्फ नव्हता. ज्वारीच्या शेतावरून येणारा झोंबरा वारा मात्र होता. सांताक्लॉज नव्हता, पण रात्रभर ढोलकी बडवून पहाटे घसा बसलेले माझे चुलते होते.

'नाताळ' हा शब्दही पाहा. तो पोर्तुगिजांकडून आपल्याकडे आला. जन्म असा त्याचा अर्थ. पण तो मराठीत इतका मुरला आहे की परका वाटतच नाही. मुरायला अवधीही भरपूर मिळाला. गोव्यात राहून फादर स्टीफन्स यांनी दहा हजारांहून अधिक ओव्यांचे 'ख्रिस्तपुराण' रचले, ते १६१६ साली रायतूरला छापले गेले. ख्रिस्तजन्माची कथा मराठी ओवीतून सांगितली जाऊ लागली, त्याला आता चारशेहून अधिक वर्षे झाली म्हणायची. गोव्यात नाताळाला नेवऱ्या करतात. नेवरी म्हणजे आपली करंजीच. मुरड कोकणची असो की घाटावरची, सारण आत राहिले म्हणजे झाले.

आमच्या घरी नाताळाची चाहूल लागे ती दिवाळी संपल्यावर. आजी पांढऱ्या मातीचे बोळे भिजवून भिंती सारवायला घेई. नाना, म्हणजे माझे वडील, शाळामास्तर. शाळा आधी मिशनची होती, पुढे ती जिल्हा परिषदेकडे गेली. नाना आठवडाभर मुलांना शिकवीत आणि रविवारी उपासना चालवीत. कारण पाळकसाहेबांकडे दहा-बारा गावे, ते महिन्यातून एकदाच सायकलवरून येत. डिसेंबर उजाडला की आमच्या ओसरीत रोज संध्याकाळी गाण्यांचा सराव सुरू व्हायचा. नाना पेटीवर, धाकटे चुलते ढोलकीवर आणि आम्ही पोरे झांजा घेऊन. चूक झाली की नाना पेटी थांबवीत आणि चष्म्यावरून बघत. बोलत काहीच नसत. ते बघणे छडीपेक्षा लागायचे.

मग चांदणी करायची. दिवाळीच्या आकाशकंदिलाच्याच बांबूच्या कामट्या आजी माळ्यावर जपून ठेवी. त्यांना पाच टोके द्यायची, पतंगाचा कागद खळीने चिकटवायचा आणि आत लहानशी चिमणी ठेवायची. वारा असला की चांदणी पेटायची भीती. म्हणून एका पोराने राखण करीत बसायचे. हे काम बहुधा माझ्याकडे असे. बेथलेहेमचा तारा मागी लोकांना वाट दाखवीत पुढे गेला, असे शास्त्रात आहे. आमच्या ताऱ्यालाच राखणदार लागत असे.

चोवीस तारखेच्या रात्री फेरी निघायची. गॅसबत्ती डोक्यावर घेतलेला एक गडी पुढे, मागे मंडळी. वस्तीतल्या प्रत्येक दारात एक गाणे, आणि प्रत्येक दारात चहा किंवा गूळ-शेंगदाणे. पहाटे पहाटे परतलो की आई विसवणाचे पाणी काढून तयार. नवे कपडे अंगावर चढवायचे. नवे म्हणजे शिंप्याने पुढच्या दोन वर्षांचे माप धरून शिवलेले. मग उपासना, आणि उपासनेनंतर सगळ्या वस्तीचे प्रीतिभोजन. ज्याच्या घरी जे असेल ते त्याने आणायचे आणि सगळ्यांनी एका पंगतीत बसायचे. लोक मुंबईहून, पुण्याहून, सोलापूरहून यष्टीने येत. एका खोलीत चौदा-पंधरा माणसे आडवी व्हायची. मध्यरात्री कुणाचा पाय कुणाच्या तोंडावर, आणि तरी उठून दुसरीकडे जावे असे कुणालाही वाटत नसे.

आणि दुपारी ताटे निघायची. आता मी मुख्य गोष्टीकडे येते.

दिवाळीला गावातून काही घरचा फराळ आमच्याकडे येई, नाताळाला आमच्याकडून त्या घरी ताट जाई. पण ह्यात एक बारीक भेद होता. काही घरे आमच्या हातचे खात, त्यांना करंज्या-लाडवांचे ताट. काही घरे खात नसत. त्यांना कोरडा शिधा: डाळ, गूळ, नारळ. कोणाचे घर कोणत्या यादीत, हे आजीला तोंडपाठ होते. राज्यघटनेने १९५० साली अस्पृश्यता नाहीशी केली. पण आमच्या आजीच्या यादीतून ती नाहीशी व्हायला वेळ लागत होता. आईला हा प्रकार मुळीच मान्य नव्हता. ती नगरच्या बोर्डिंगात शिकलेली. ती म्हणायची, "द्यायचं तर शिजवलेलं द्यावं, नाहीतर देऊच नये. आपणच आपल्याला कमी का लेखायचं?" आजी म्हणायची, "सूनबाई, द्येनं आपल्या हातात. घ्येनं त्येंच्या. आपल्या हातातलं आपुन सोडू नये." दोघींचेही खरे होते, असे मला आता वाटते. तेव्हा मात्र घरात दोन दिवस अबोला असायचा.

१९६१ सालची गोष्ट. मी तेव्हा चार वर्षांची. त्यामुळे हे मला पुढे आईकडून कळले. ओढ्यापलीकडे एक मोठे बागायती घर होते. त्या घरच्या बाईंना सगळे मळ्यातल्या काकी म्हणत. त्या वर्षी दिवाळीला काकींकडून प्रथमच आमच्याकडे फराळ आला. आजीला केवढा आनंद! तिने काकींचे नाव एका यादीतून काढून दुसऱ्या यादीत घातले, आणि नाताळाला बारा वर्षांच्या माझ्या दादाच्या हाती करंज्यांचे ताट पाठवले. काकींनी ओटीवरूनच सांगितले, "ठेव तिथं." दादा ताट ठेवून निघाला. ताट परत न्यायचे राहिले म्हणून तो वाटेतून माघारी वळला. तर गोठ्यात काकी उभ्या, आणि ताटातल्या करंज्या बैलांच्या गव्हाणीत.

दादा रिकामे ताट घेऊन घरी आला. सकाळीच त्याने देवळात सगळ्यांपुढे बाळ येशूला गव्हाणीत निजवल्याचा शास्त्रपाठ न अडखळता म्हणून दाखवला होता. आजीने विचारले, "दिलं का रं?" तो म्हणाला, "करंज्या गव्हाणीत टाकल्या." आजी घटकाभर गप्प राहिली. मग म्हणाली, "गव्हाणीत ना? मंग चांगल्या जागी पडल्या म्हनायच्या."

आजीला काय म्हणायचे होते ते मोठ्या माणसांना कळले असेल. पण बारा वर्षांच्या मुलाला वाटले, की आपला अपमान झाला आणि आजीने त्यावर शास्त्रवचनाचे पांघरूण घातले. काकींवर तो रागावला नाही तेवढा आजीवर रागावला. त्या दिवसापासून त्याने ताट हातात धरले नाही. मॅट्रिक झाल्यावर नानांची इच्छा त्याने शिक्षक व्हावे अशी. पण १९६८ साली तो मुंबईला गेला आणि गिरणीत लागला. जाताना म्हणाला, "ज्या गावात नाताळाला दोन याद्या लागतात, त्या गावात मी नाताळाला येणार नाही." आणि खरेच आला नाही. चार नाताळ आला नाही. मनीऑर्डर मात्र न चुकता येई. तिच्या खालच्या चिठोऱ्यावर दोन ओळी असत: 'मी खुशाल आहे. तुमची खुशाली कळवावी.' नाना त्या दोन ओळी पुन्हा पुन्हा वाचीत. आजी त्याच्या वाटणीच्या पाच करंज्या एका डब्यात घालून ठेवी. जानेवारी संपेपर्यंत त्या डब्याला कुणी हात लावायचा नाही. मग त्या खवट करंज्या ती स्वतःच चहाबरोबर खाऊन टाकी, आणि आईने काही म्हटले तर सांगे, "मला नरम करंजी चावत न्हाई." दात तर तिला चारच होते!

पुढे १९७२ साल आले. त्या दुष्काळाची आठवण असलेली माणसे आता थोडी राहिली. आधीची दोन वर्षेही बेताचीच गेली होती. त्या वर्षी पावसाने पाठच फिरवली. विहिरींना कोरड पडली. रोजच्या भाकरीची ज्वारी दिसेनाशी झाली आणि रेशनवर परदेशातून आलेली तांबडी मिलो मिळू लागली. तिची भाकरी थापताना तुटायची, भाजल्यावर कडक व्हायची. पण तिच्यावर माणसे जगली, हे विसरून चालणार नाही. सरकारने दुष्काळी कामे काढली: रस्ते, नालाबांध, पाझर तलाव. आमच्या गावाच्या वरच्या अंगाला तलावाचे काम निघाले आणि सारे गाव खडी फोडायला, माती वाहायला तिथे गेले. हीच कामे पाहून पुढे रोजगार हमीचा विचार पक्का झाला आणि १९७७ साली राज्याने तिचा कायदा केला. पण आम्हांला कायदा ठाऊक नव्हता. आम्हांला पाटी, फावडे आणि हजेरीचा मुकादम ठाऊक. त्या कामावर मोठी गंमत झाली. गंमत म्हणावी की काय, कोण जाणे! ज्यांच्या मळ्यात आमची माणसे मजुरीला जात, तेही शेजारी बसून खडी फोडीत होते. मळ्यातल्या काकींच्या विहिरीत पाणी नव्हते, बैल विकले गेले होते. काकी डोक्यावरचा पदर सावरीत हातोडी चालवीत होत्या. पाण्याचे पिंप एकच होते.

नोव्हेंबर संपत आला तेव्हा आजीने मला बोलावले. मी पंधरा वर्षांची, घरातली पत्रलेखक. म्हणाली, "दादाला कारड लिही." मी पोस्टकार्ड घेतले. तिने सांगितले आणि मी लिहिले. शब्द अजून जसेच्या तसे लक्षात आहेत: 'यंदा नाताळ करणार नाही. तेल नाही, साखर नाही. करंज्या होणार नाहीत. कोणाच्या घरी ताट जाणार नाही. तेव्हा तुला येण्याला हरकत नसावी.'

मी विचारले, "आजी, एवढंच?" ती म्हणाली, "एवढंच. जास्ती लिव्हलं तर यायचा न्हाई."

त्या वर्षी नाताळ सोमवारी आला. चोवीस तारखेला रविवारी दुपारी यष्टीतून दादा उतरला. हातात एक पिशवी. त्यात पाच किलो साखर, चहाची पुडी आणि माझ्यासाठी फाउंटन पेन. नानांनी त्याला पाहिले, चष्मा काढला, पुसला आणि परत लावला. म्हणाले, "जेवलास का?" चार वर्षांनी भेटलेल्या बापलेकांचे एवढेच बोलणे झाले. आई चुलीपुढून उठली नाही, तिला उठवेना. आजीने मात्र पिशवी तपासून साखर बाजूला ठेवली आणि म्हणाली, "ही लागंल फुडं. उद्याला गुळावरच भागवायचं."

"उद्या काय आहे?" दादाने विचारले.

"नाताळ हाय की!" आजी म्हणाली.

"कार्डात तर लिहिलंस, नाताळ नाही म्हणून."

"करंज्या न्हाईत म्हनून लिव्हलं. नाताळ काय माझ्या हातात हाय व्हय, करायचा न करायचा?"

पंचवीस तारखेला सरकारी सुट्टी असते खरी; पण रोजंदारीच्या माणसाला सुट्टी म्हणजे मजुरीला मुकणे. तेव्हा वस्तीने ठरवले, की पहाटे अंधारात उपासना करायची आणि दिवस उगवता कामावर जायचे. प्रीतिभोजन नाही, नवे कपडे नाहीत. फेरी निघाली, पण गॅसबत्तीला रॉकेल नव्हते, म्हणून कंदिलावर. चहाऐवजी दारोदार नुसता रामराम. आणि त्या रात्री आम्ही फेरीहून परतलो, तो घरात चूल पेटलेली. आजी आणि आई, दोघी समोरासमोर बसून दशम्या थापीत होत्या. वास्तविक दशमीचे पीठ दुधात भिजवायचे, दूध कुठले? मिलोचे पीठ, गुळाचे गरम पाणी आणि वरून चिमूटभर तीळ. वस्तीतल्या प्रत्येक घराने पसाभर पीठ आणि खडाभर गूळ आणून दिला होता. दोघींचे आठवडाभर हे ठरत होते आणि आम्हांला पत्ता नव्हता. आई आणि आजी ह्यांचे एखाद्या गोष्टीवर एकमत झालेले मी त्या रात्री प्रथमच पाहिले.

दुपारी कामावर जेवणाची सुट्टी झाली. नाना शाळेला सुट्टी म्हणून वर आले होते. लिंबाच्या झाडाखाली आमच्या मंडळींनी एक भजन म्हटले. नानांनी दोनच मिनिटे बोलायचे म्हणून सुरुवात केली. ते म्हणाले, "बेथलेहेम हा हिब्रू भाषेतला शब्द. त्याचा अर्थ भाकरीचं घर. प्रभूचा जन्म झाला तो भाकरीच्या घरात. आज आपल्या कुणाच्याच घरात पुरेशी भाकरी नाही. तेव्हा आज हे लिंबाचं झाड आपलं भाकरीचं घर." एवढे बोलून ते खाली बसले. नानांचे इतके लहान भाषण मी पुन्हा कधी ऐकले नाही.

मग आजीने दशम्यांची पाटी दादापुढे सरकवली. "वाट."

दादा बघतच राहिला. "कुणाला?"

"बसल्यात त्येंना."

"सगळ्यांना?"

"मी निवडाया सांगितलं का?" आजी म्हणाली. "यंदा यादी न्हाई."

दादाच्या लक्षात आले, की कार्ड लिहून आजीने आपल्याला चांगलेच फसवले. ताट नाही म्हणून तो आला होता. आणि आता गावभर वाटायची पाटी त्याच्याच हातात! तो रागाने लाल झाला. पण तिथे तीन-चारशे माणसे बसलेली. त्याने पाटी उचलली आणि ओळीने निघाला. एकेकाला अर्धी दशमी. बहुतेकांनी घेतली. दोघा-तिघांनी "उपास आहे" म्हणून सांगितले. सोमवार होता, खराही असेल.

काकी एका बाजूला नातवाला घेऊन बसल्या होत्या. दादा त्यांच्यापुढे गेला आणि थांबला. मी पाण्याचे पिंप सोडून तिकडेच बघत होते. दादा म्हणाला, "काकी, नाताळची दशमी आहे. घ्यायची असेल तर घ्या."

काकींनी वर पाहिले. त्यांनी त्याला ओळखले, हे मला लांबूनही दिसले. हातावर खडीची पांढरी भुकटी होती. ती त्यांनी पदराला पुसली आणि हात पुढे केला. अर्धीतली अर्धी मोडून नातवाला दिली, उरलेली तोंडात घातली. सावकाश चावली. मग म्हणाल्या, "गूळ बरा पडलाय."

बस, एवढेच. माफी नाही, डोळ्यांत पाणी नाही. दादा पुढच्या माणसाकडे गेला.

रात्री जेवणे झाल्यावर दादा आजीला म्हणाला, "आजी, तुला वाटत असेल फार मोठी गोष्ट झाली. काकींनी भुकेनं घेतली, मनानं नाही."

आजी चुलीतली राख सारखी करीत होती. म्हणाली, "आसंल. पाऊस पडल्यावर बघू की."

ह्या वाक्यामागे केवढा धीर होता, ते मला पुढे कळले. तिने दादाचे म्हणणे खोडले नाही. आणि आशाही सोडली नाही. फक्त पाऊस पडेपर्यंत वाट पाहायचे ठरवले.

पुढच्या वर्षी, १९७३ साली, पाऊस चांगला झाला. विहिरी भरल्या, काकींच्या मळ्यात हरभरा डोलू लागला. आता कुणी कुणाचे घ्यावे अशी गरज राहिली नव्हती. डिसेंबरात कार्ड न लिहिताच दादा आला. नाताळाच्या दुपारी आजीने करंज्यांचे ताट भरले, त्यात आठवण म्हणून दशमीचा एक तुकडा ठेवला आणि ताट कोणाच्या हाती द्यावे म्हणून इकडेतिकडे पाहू लागली. दादा उठला, टोपी घातली आणि म्हणाला, "आण इकडं."

तो तासाभराने परतला. ताट रिकामे नव्हते. त्यात ओल्या हरभऱ्याचे डहाळे होते. आम्ही सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होतो. तो चपला काढीत म्हणाला, "माझ्यासमोर बसून खाल्ली. एक." आणि थोडे थांबून म्हणाला, "करंजी नव्हे. आधी दशमी."

सगळे गाव काही एका दिवसात बदलले नाही. दोन घरांना आमच्याकडून शेवटपर्यंत शिधाच जात राहिला, आणि आजी तोही तितक्याच नीटपणे बांधीत राहिली. पण दादाने त्यानंतर एकही नाताळ चुकवला नाही. आजी १९७६ साली गेली. १९८२ च्या गिरणी संपात दादाची नोकरी गेली, तेव्हा तो नगरला येऊन राहिला. आता नाना नाहीत, आई नाही, दादाही नाही. काकींचा तो नातू आज सत्तरीकडे झुकला आहे. डिसेंबरात त्याच्याकडून हरभऱ्याचे डहाळे अजून येतात, आता यष्टीने पुण्याला येतात एवढाच फरक.

पुण्याच्या माझ्या घरात विजेची चांदणी लागते. तिला राखणदार लागत नाही. मुले परगावी, परदेशी आहेत. नाताळाच्या सकाळी ती फोनच्या पडद्यावर दिसतात, बोलतात आणि नाहीशी होतात. चौदा माणसे एका खोलीत झोपत होती, हे नातीला सांगितले तर तिला ती गोष्ट कुठल्या पुराणातली वाटते. मिलोचे पीठ आता मिळत नाही आणि मिळावे असेही मला वाटत नाही. मी साध्या ज्वारीची दशमी करते, गुळाच्या पाण्यात, वर तीळ घालून. दूध घरात असते. पण घालीत नाही.

तेव्हा नातीच्या प्रश्नाचे उत्तर असे आहे. करंजी ही सणाची आहे. ती ज्याच्या घरी सुबत्ता असेल त्याने करावी. दशमी आहे ती शिदोरी. रुसून दूर गेलेल्या माणसाला तिने घरी आणले आणि ओढ्यापलीकडच्या माणसापर्यंत पोचवले. असा प्रवास अजून आपल्याला पुष्कळ करायचा आहे. म्हणून तिचा चौथा हिस्सा ताटात असतो.

ह्या वर्षी नात विचारीत होती, की शेजारच्या बिऱ्हाडी नवे लोक आलेत, त्यांना ताट पाठवायचे का? ते आपले खातील का? मी तिला म्हटले, "देणं आपल्या हातात आहे, बाळ. ताट भर."